शहरात नोकरी, उपनगरात भाड्याचं घर: फ्लॅट निवडण्याआधी हे करा

शहरात नोकरी मिळाली आहे, शहरातली भाडी परवडत नाहीत आणि म्हणून जवळच्या उपनगरात फ्लॅट शोधायचा आहे, अशांसाठी हे लिहिते आहे. मी स्वतः बरीच वर्षं असा प्रवास करते आहे, घरं बदलली आहेत, आणि नव्याने येणाऱ्या ओळखीच्यांबरोबर घरं पाहायलाही जात असते. जवळपास सगळे जण एकाच पद्धतीने सुरुवात करतात: आधी स्वस्त घर शोधायचं, ते आवडलं की तिथून ऑफिसला कसं जायचं ते बघायचं. माझा आग्रह आहे की हा क्रम उलटा करा. आधी मार्ग ठरवा, मग त्या मार्गावर घर शोधा. लहान स्वयंपाकघराची सवय होते, गळका नळ प्लंबर दुरुस्त करतो. गैरसोयीचा प्रवास मात्र करार संपेपर्यंत रोज दोनदा करावाच लागतो.

१. पैशाची मर्यादा ठरवा, पण भाडं एकटं धरू नका

भाडं उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत असावं, हे तुम्ही ऐकलं असेल. हा आकडा अमेरिकेतल्या सरकारी घरांच्या धोरणातून रुळला. तिथे १९६९ मध्ये भाडेकरूंसाठी उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा घातली गेली आणि १९८१ मध्ये ती ३० टक्के झाली. रोज लांबून कामाला येणाऱ्याचा खर्च त्यात कुठेच धरलेला नाही. शिकागोच्या सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी या संस्थेने म्हणून घर आणि प्रवास यांची बेरीज करायची पद्धत मांडली: दोन्ही मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत. प्रत्येकाचं गणित वेगळं असतं, टक्का तुमचा तुम्ही ठरवा, पण बेरीज करा.

बेरजेत हे सगळं धरा: भाडं, इमारतीचा मेंटेनन्स, वीज-पाणी-गॅस-इंटरनेट, मासिक पास, घरापासून स्थानकापर्यंतचं वाहन, गाडी असेल तर पार्किंग आणि इंधन. शिवाय उशीर झाला आणि शेवटची गाडी चुकली तर टॅक्सीचे पैसे. ही शेवटची रक्कम लोक हमखास विसरतात. महिन्यातून दोनदा जरी टॅक्सी करावी लागली तरी लांबच्या अंतरामुळे ती रक्कम डोळ्यात भरण्याइतकी होते.

डिपॉझिट, एजंटची दलाली, सामान हलवण्याचा खर्च आणि पहिल्या महिन्याचं भाडं हे एकदम हातातून जातं. त्यासाठी वेगळी रक्कम बाजूला असल्याशिवाय घरं पाहायला सुरुवात करू नका. घाईत उसने पैसे घेऊन केलेला करार सहसा घाईतच वाचलेला असतो.

२. वेळेचाही हिशेब मांडा

याकोव्ह झहावी आणि पुढे १९९४ मध्ये चेझारे मार्केटी या अभ्यासकांनी असं मांडलं की वेगवेगळ्या काळातली, वेगवेगळ्या गावांतली माणसं सरासरीने दिवसाला साधारण एक तास प्रवासात घालवतात. वाहन वेगवान झालं की माणसं तेवढाच वेळ ठेवून आणखी लांब राहायला जातात. म्हणजे जाऊन-येऊन तासभर हे नेहमीचं, दोन तास हे जास्त, आणि तीन तास म्हणजे संध्याकाळ उरत नाही.

वीस मिनिटांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. तो गुणून बघा. एका बाजूला २० मिनिटं जास्त, म्हणजे दिवसाला ४०. महिन्याचे कामाचे २२ दिवस धरले तर १४ तास ४० मिनिटं. वर्षात असे ११ महिने धरले तर साधारण १६१ तास, म्हणजे आठ तासांचे वीस कामाचे दिवस. आता स्वस्त घरामुळे महिन्याला जेवढे पैसे वाचतात त्यातून जादा पासाचे पैसे वजा करा आणि उरलेल्या रकमेला महिन्याच्या जादा तासांनी भागा. जो आकडा येईल त्या दराने तुम्ही तुमचे तास विकताय. तो तुमच्या तासाच्या कमाईपेक्षा फारच कमी असेल तर ते घर स्वस्त नाही.

हा हिशेब मी इतका आग्रहाने मांडते त्याला कारण आहे. अलोइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांची माहिती तपासून २००८ मध्ये दाखवलं की ज्यांचा प्रवास लांबचा, त्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान कमी. स्वस्त घराने किंवा जास्त पगाराने ती उणीव पूर्ण भरून निघत असेल असं आपण गृहीत धरतो, पण त्यांच्या आकड्यांत ती भरून निघालेली दिसली नाही.

३. नकाशावर मार्ग शोधा

नकाशा उघडा आणि ऑफिसपासून उलटं निघा. ऑफिसच्या दारातून चालत दहा-बारा मिनिटांत कोणती स्थानकं किंवा थांबे आहेत ते टिपा. त्या स्थानकांवरून थेट, गाडी न बदलता, कुठपर्यंत जाता येतं ते पाहा. तुमचा शोध त्या पट्ट्यात ठेवा.

थेट गाडीवर माझा भर आहे कारण गाडी बदलताना वेळ जातो तो चालण्यात कमी आणि थांबण्यात जास्त. गाडी २० मिनिटांनी एक असेल तर सरासरी १० मिनिटं थांबावं लागतं, पण नेमकी डोळ्यांसमोरून सुटली तर पूर्ण २०. अशा दोन गाड्या जोडायच्या असतील तर वाईट दिवशी नुसतं उभं राहण्यात ४० मिनिटं जातात. ॲपमध्ये मात्र दोन्ही गाड्या छान जुळलेल्या दिसतात. दर पाच मिनिटांनी गाडी असलेलं थोडं लांबचं स्थानक, दर अर्ध्या तासाने गाडी असलेल्या जवळच्या स्थानकापेक्षा केव्हाही बरं.

प्रत्येक स्थानकासाठी एवढं तपासा:

- सकाळी गर्दीच्या वेळी किती मिनिटांनी गाडी आहे, आणि जलद गाडी थांबते का
- गाडी तिथून सुटते की आधीच भरून येते
- रात्रीची शेवटची गाडी किती वाजता, आणि सुट्टीच्या दिवशीचं वेळापत्रक काय
- गाड्या बंद पडल्या तर दुसरी वाट आहे का: बस, दुसरी लाइन, रस्ता

दुसरा मुद्दा फार महत्त्वाचा. जिथून गाडी सुटते त्या स्थानकावर बसायला जागा मिळते. बसून केलेला ५० मिनिटांचा प्रवास आणि दारात लटकून केलेला ३५ मिनिटांचा प्रवास यांत मी डोळे झाकून पहिला निवडते. त्यात वाचता येतं, झोपता येतं, ऑफिसात पोचेपर्यंत पाय गळालेले नसतात.

४. जाहिरातीतली ‘स्थानकापासून पाच मिनिटं’ मोजून पाहा

मध्यम चालीने माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो. म्हणजे पाच मिनिटांत ४०० मीटर, दहा मिनिटांत ८००. जाहिरातीतलं अंतर अनेकदा नकाशावर सरळ रेघ ओढून काढलेलं असतं. मध्ये रूळ, नाला, हमरस्ता किंवा बंद कुंपण असेल तर प्रत्यक्ष चाल दुप्पट होऊ शकते. शिवाय स्थानकाच्या ज्या टोकाशी तुमचा रस्ता येतो, पादचारी पूल नेमका दुसऱ्या टोकाला असू शकतो. पूल चढायचा, फलाटाची लांबी चालायची, पुन्हा उतरायचं, हे कुठल्याच जाहिरातीत नसतं.

एक घर पाहायला गेले तेव्हा एजंटने गाडीतून नेलं आणि खरोखर चार मिनिटांत पोचवलं. परत येताना मी मुद्दाम चालत आले. फूटपाथ अर्ध्या वाटेवर संपत होता, पुढे ट्रक लावलेले, आणि त्यांच्या नि भिंतीच्या मध्ये एक माणूस जाईल एवढी फट. दिव्याचा खांब होता, त्याला दिवा नव्हता. दिवसाउजेडी ते चाललं असतं. रात्री साडेनऊला सामानाची पिशवी घेऊन तिथून रोज येणं मला नको होतं. तेव्हा एजंट कितीही आग्रह करो, घरापासून स्थानकापर्यंत स्वतः चाला, आणि जमल्यास अंधार पडल्यावर.

५. प्रवास खऱ्या वेळेला करून पाहा

सुट्टीच्या दिवशी घर पाहून प्रवासाचा अंदाज बांधू नका. मनात भरलेल्या घरासाठी एक कामाचा दिवस काढा. सकाळी ऑफिसला निघायच्या वेळेला त्या इमारतीच्या दारात उभे राहा आणि घड्याळ लावा. ऑफिसच्या दारात पोचल्यावर थांबवा. संध्याकाळी उलटं करा. संध्याकाळचा वेळ सकाळपेक्षा वेगळा निघतो आणि बहुधा जास्तच.

सरासरीवर जाऊ नका. तुमची मिटिंग वाईट दिवशीही वेळेवर सुरू होणार असते, म्हणून तुम्हाला घरातून निघावं लागतं ते वाईट दिवसाच्या हिशेबाने. प्रवास कधी ४० तर कधी ७० मिनिटांचा होत असेल, तर तो ७० मिनिटांचाच आहे असं धरून चाला. मार्गावरच्या रोजच्या प्रवाशांना विचारा: ‘आठवड्यातून किती वेळा गाडी रखडते?’ लोक मनापासून सांगतात, न विचारलेलंही सांगतात.

घरून काम करायची मुभा असेल तर तिच्यावर सगळा डाव लावू नका. आठवड्यातून दोनच दिवस जायचं म्हणून दोन तासांवरचं घर घेतलं आणि कंपनीने धोरण बदललं, तर करार तुमच्या गळ्यात राहतो.

६. परिसर

दवाखाना, औषधांचं दुकान, किराणा, मुलं असतील तर शाळा, हे चालत जाण्याच्या अंतरावर आहे का ते पाहा. स्थानकावरून घरी येण्याच्या वाटेवर किराणा मिळत असेल तर आठवड्यातले कित्येक तास वाचतात. शेजारी मोकळा प्लॉट असेल तर तिथे काय होणार आहे ते विचारा, नाहीतर पुढची दोन वर्षं बांधकामाची धूळ खात बसाल. पावसात रस्त्यावर पाणी साचतं का, हे खालच्या दुकानदाराला विचारा. त्याचं दुकान रस्त्याच्या पातळीवर असतं, त्याला बरोबर माहीत असतं.

७. घर पाहताना

घाई करू नका. एजंट दारात किल्ल्या वाजवत उभा असला तरी प्रत्येक खोलीत थांबा, खिडकी उघडा, दार बंद करून बघा.

आधी पाणी. स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडा, मग न्हाणीघरातला. दोन्ही एकदम चालू असताना धार किती बारीक होते ते पाहा. गरम पाणी यायला किती वेळ लागतो ते बघा. फ्लश करा. सिंकखालचं कपाट उघडून हात आत घाला. तळाची फळी फुगलेली किंवा दमट लागली तर तिथे गळती आहे किंवा होती. पाणी ठरावीक वेळेलाच येत असेल तर ती वेळ विचारा. सकाळी पाणी यायची आणि तुमची गाडी पकडायची वेळ एकच असेल तर रोज तारांबळ उडेल.

मग ओल. पृष्ठभागाजवळची आर्द्रता सतत ८० टक्क्यांच्या आसपास किंवा वर राहिली की बुरशी धरते, आणि ती आधी धरते ती हवा न खेळणाऱ्या जागी: कपाटामागे, बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात, न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर. सगळी खोली जुन्या रंगाची आणि एकाच भिंतीचा खालचा हातभर पट्टा ताजा रंगवलेला दिसला, तर तळहात लावून बघा. भिंत गार आणि किंचित चिकट लागेल, नखाने खरवडली तर रंगाचा पापुद्रा निघेल. नुकत्याच रंगवलेल्या घरात वासावर विश्वास ठेवता येत नाही, पण बंद कपाट उघडल्यावर कुबट वास आला तर तो खरा.

ऊन आणि मजला. सगळ्यात वरच्या मजल्याला छतातून उष्णता मिळते, कोपऱ्यावरच्या फ्लॅटला दोन भिंती बाहेरच्या असतात. त्यामुळे उन्हाळ्यात तापतं, थंडीत गारठतं आणि विजेचं बिल वाढतं. मधल्या मजल्यावरचं, मधलं घर थोडं महाग असलं तरी बिलात ते भरून निघू शकतं. लिफ्ट नसेल तर सामान घेऊन एकदा वर चढून पाहा.

आवाज. स्थानकाजवळच्या घरात हा प्रश्न असतोच. रस्त्यावरच्या वाहतुकीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने युरोपसाठी २०१८ मध्ये दिलेली शिफारस अशी: दिवस-रात्र मिळून सरासरी ५३ डेसिबलच्या खाली, रात्री ४५ च्या खाली. या मर्यादा घराबाहेरच्या आवाजाच्या आहेत. फोनमधलं डेसिबल ॲप अचूक नसलं तरी दोन घरांची तुलना करायला पुरतं. १० डेसिबलचा फरक कानाला साधारण दुप्पट आवाजासारखा वाटतो, म्हणजे ५५ आणि ६५ यांत बरंच अंतर आहे. बेडरूमची खिडकी बंद करून आणि उघडून, दोन्ही वेळा मोजा.

उरलेलं भरभर तपासा: प्रत्येक खोलीत फोनची रेंज, इंटरनेट कुणाचं येतं, प्लग कुठे आहेत (चार्जर खिशात ठेवा आणि प्रत्येक प्लगला लावून बघा), खिडक्यांच्या कड्या, मुख्य दाराचं कुलूप, विजेचं मीटर स्वतंत्र आहे का. मोजपट्टी न्या. जाहिरातीतले फोटो वाइड लेन्सने काढलेले असतात आणि त्यात खोली मोठी दिसते. तुमच्या पलंगाची, कपाटाची, वॉशिंग मशीनची मापं लिहून नेली तर तिथेच कळतं काय बसेल. दाराची आणि जिन्याच्या वळणाची रुंदीही मोजा. क्षेत्रफळ विचारताना कार्पेट एरिया विचारा, म्हणजे भिंतींच्या आतली, तुम्हाला पाय ठेवता येईल ती जागा. बिल्टअपच्या आकड्यात भिंतीही मोजलेल्या असतात, आणि काही जण तर जिना-लिफ्टचा वाटाही त्यात धरतात.

एजंट खाली गेल्यावर शेजाऱ्याचं दार वाजवा. मेंटेनन्स किती, पाणी कसं, मालक दुरुस्तीला पैसे देतो का, आधीचे भाडेकरू का गेले. पाच मिनिटांच्या या गप्पांत जे कळतं ते तासभर घर पाहून कळत नाही.

८. फसवणुकीच्या खुणा

फोटो सुंदर आणि भाडं आसपासच्या घरांपेक्षा बरंच कमी. मालक ‘परगावी’, घर दाखवता येत नाही, पण ‘दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, टोकन पाठवून ठेवा’. इथे थांबा. घर आतून पाहिल्याशिवाय आणि मालकाची ओळख पटल्याशिवाय एक पैसाही पाठवू नका. घर दाखवण्यासाठी फी मागणारा, ओटीपी मागणारा, क्यूआर कोड पाठवणारा, रोखच हवी म्हणणारा, यांना तिथेच नमस्कार करा.

जाहिरातीतले फोटो इंटरनेटवर टाकून आणखी कुठे वापरलेत ते शोधून पाहा (रिव्हर्स इमेज सर्च). तेच फोटो दुसऱ्या गावच्या जाहिरातीत सापडले तर प्रश्न मिटला. घर ज्याच्या नावावर आहे तीच व्यक्ती करार करते आहे का, हे मालकीच्या कागदांवरून आणि विजेच्या किंवा कराच्या बिलावरून ताडून पाहा. दुसरा कुणी सही करत असेल तर त्याच्याकडे कुलमुखत्यारपत्र हवं. एखादा भाडेकरू स्वतःच पुढे भाड्याने देत असेल तर मूळ मालकाची लेखी परवानगी मागा.

दलाली किती, कोण देणार आणि कधी देणार, हे पहिलं घर पाहण्याआधी मेसेजवर लिहून घ्या.

९. कागदपत्रं तयार ठेवा

चांगलं घर दोन दिवसांत जातं. तेव्हा फाइल आधीच तयार असू द्या:

- सरकारी ओळखपत्र आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा
- नोकरीचं नियुक्तीपत्र किंवा कंपनीचं पत्र
- अलीकडच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि बँक स्टेटमेंट
- आधीच्या घरमालकाचा संपर्क किंवा त्याचं शिफारसपत्र, असेल तर
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- मालक मागत असेल तर जामीनदाराची माहिती

प्रती देताना त्यावर ‘फक्त भाडेकरारासाठी’ असं लिहून तारीख टाका. करार नोंदवण्याचे, पोलीस किंवा पालिकेला कळवण्याचे नियम जागोजागी वेगळे असतात. ते स्थानिक कार्यालयातून किंवा त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच तपासा, एजंटच्या तोंडी शब्दावर नको.

१०. करार वाचा, सगळा

सही करायच्या आधी मसुदा घरी मागवा. ‘सगळे असाच करतात’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. मी कुठल्या ओळी आधी शोधते ते सांगते.

पहिली, मुदतीआधी घर सोडलं तर काय? लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही तो) आणि नोटीस पिरियड (सोडण्याआधी जेवढे दिवस कळवायचं ते) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॉक-इन असेपर्यंत नोटीस देऊनही उरलेलं भाडं मागितलं जाऊ शकतं. नोकरी नवी असेल, ऑफिस हलण्याची शक्यता असेल, तर लॉक-इन कमीत कमी ठेवायला सांगा. यावर घासाघीस करा. भाडं थोडं कमी करून घेण्यापेक्षा ही सूट मला जास्त मोलाची वाटते.

दुसरी, भाडेवाढ. दरवर्षी १० टक्के म्हणजे तीन वाढींनंतर ३० टक्के वाटतात, पण वाढीवर वाढ होते आणि प्रत्यक्षात ३३.१ टक्के होतात. तुमचा पगार त्या वेगाने वाढणार आहे का?

तिसरी, डिपॉझिट किती दिवसांत परत आणि कशासाठी कापलं जाईल. ‘घर होतं तसं परत करणे’ एवढंच लिहिलं असेल तर ‘नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून’ हे शब्द घालून घ्या. एका घरमालकाने मला घर सोडताना भिंतींच्या रंगाचे पैसे लावले होते. करारात हे शब्द होते म्हणून ते परत मिळाले.

शिवाय: मोठी दुरुस्ती कुणाकडे, मेंटेनन्स भाड्यात धरलाय का, पार्किंगची जागा नंबरासह लिहिली आहे का, मालक न सांगता घरात येऊ शकतो का. तोंडी दिलेला शब्द, ‘गीझर बसवून देतो’, ‘जाळी लावून देतो’, हे सगळं तारखेसह करारात किंवा निदान ईमेलवर घ्या. पैसे बँकेतून द्या आणि प्रत्येक रकमेची पावती घ्या.

११. ताबा घेताना आणि पहिला महिना

सामान आत नेण्याआधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा: भिंती, फरशा, नळ, कपाटांच्या आतल्या बाजू, आधीचे ओरखडे, आणि वीज-पाण्याच्या मीटरचं रीडिंग. तो त्याच दिवशी मालकाला ईमेल करा, म्हणजे तारखेसह दोघांकडे राहील. थकलेली बिलं आधीच्या भाडेकरूच्या नावावर नाहीत ना ते पाहा. किल्ल्या किती मिळाल्या ते लिहून घ्या आणि मालकाची परवानगी घेऊन मुख्य दाराच्या कुलपाचा सिलिंडर बदला, कारण आधीच्या किती लोकांकडे किल्ल्या आहेत हे कुणालाच माहीत नसतं.

तिमाही किंवा वार्षिक पास स्वस्त पडतो, तरी पहिल्या महिन्यात एक महिन्याचाच घ्या. नवीन घरातून पाच-सात मिनिटं आधी किंवा नंतर निघून, वेगवेगळ्या डब्यांतून, जमल्यास दुसऱ्या स्थानकावरूनही जाऊन पाहा. ऑफिसच्या बाजूला जिन्याजवळ थांबणारा डबा कोणता आणि कोणत्या गाडीला त्यातल्या त्यात गर्दी कमी, हे रोज येणाऱ्यांना विचारलं की लगेच कळतं. मार्ग पक्का झाला की मग मोठा पास काढा.